जन्म नको, गाव सांगा

सोमवार, ७ फेब्रुवारी २००५

म्हाताऱ्यांच्या केअरच्या कोर्सवाल्या बाईने सांगितलं, रोज डायरी लिहा. दिवसभर काय केलं आणि मनाला काय वाटलं. मी म्हटलं, माझं इंग्लिश बोलण्यापुरतं आहे, लिहिण्यापुरतं नाही. म्हणाली, तुमच्या भाषेत लिहा, मी वाचणार नाहीये. कोणी वाचायचंच नाही तर लिहायचं कशाला, हे काही तिने सांगितलं नाही. पण सर्टिफिकेट पाहिजे म्हणून लिहिते. चौथीला शाळा सुटली, त्यानंतर इतकं मराठी हाताने लिहिलेलं नाही. बोटं दुखतात.

तर आज काय केलं. तीन म्हाताऱ्या आणि एक म्हातारा. आंघोळ, नाश्ता, गोळ्या, बिछाना. मनाला काय वाटलं? काही नाही. घाई होती.

गुरुवार, १० फेब्रुवारी

एजन्सीने नवीन बाई दिली आहे. मिसेस आयडा हॉब्ज. वय त्र्याऐंशी, रीडिंग स्टेशनच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. नवरा गेला, मूलबाळ नाही. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी अर्धा. मी दारातून आत येते न येते तोच म्हणाली, आधीची मुलगी चहा फार पाणचट करायची. मी म्हटलं, मी कडक करते, नाही उतरला घशाखाली तर सांगा. सगळा प्यायली आणि काही बोलली नाही. म्हणजे आवडला.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर खिळा आहे आणि खिळ्याखाली वॉलपेपर चौकोनी उजळ आहे. फोटो होता तिथे. मी विचारलं कुणाचा. वडिलांचा. आता कुठे आहे? कपाटात. वडिलांचा फोटो कपाटात कशाला? तर घड्याळाकडे बघून म्हणाली, तुमचा पाऊण तास झाला. खरंच झाला होता. पण ती सांगण्याची रीत नाही.

बुधवार, २३ फेब्रुवारी

पायाची नखं कापताना माणूस बोलतो. हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं आहे. पाय आपल्या हातात असतो, कुठे जाणार. आज आयडा बोलली.

तिचे वडील कार्लो पोलेत्ती. स्वित्झर्लंडचे. पण स्वित्झर्लंडच्या त्या बाजूला इटालियनच बोलतात म्हणे. पहिल्या लढाईच्या आधी इथे इंग्लंडला आले, आधी हॉटेलात भांडी घासली, मग रीडिंगमध्ये स्वतःचा कॅफे काढला. आयडा इथेच जन्मली, एकवीस साली. समोर एका इटालियन माणसाची बेकरी होती. दोघे जिवाभावाचे मित्र, रोज संध्याकाळी पत्ते. बेकरीवाल्याचा मुलगा आल्डो. आल्डोशी आयडाचं ठरलं होतं.

चाळीस साली इटली इंग्लंडविरुद्ध लढाईत उतरली. त्याच रात्री लोकांनी दोन्ही दुकानांच्या काचा फोडल्या. पोलीस आले आणि सगळ्या इटालियन पुरुषांना उचलून घेऊन गेले. बेकरीवाला आणि आल्डो गेले. कार्लोंनी आपला पासपोर्ट दाखवला, आम्ही स्विस आहोत म्हणाले, पोलिसांनी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी कार्लोंनी फुटक्या काचेत स्विस झेंडा लावला. तीन आठवड्यांनी त्या धरलेल्या लोकांना बोटीत घालून परदेशी पाठवत होते, ती बोट बुडाली. बाप आणि मुलगा दोघेही गेले.

मग बेकरीवाल्याची बायको रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली. म्हणाली, कार्लो, तू आमच्याइतकाच इटालियन आहेस, तू मिलानमध्ये जन्मलास हे तूच माझ्या नवऱ्याला सांगितलंस, तो पासपोर्ट तू कुठून तरी मिळवलास. कार्लो काही बोलले नाहीत. काउंटर पुसत राहिले.

आयडा एकोणीस वर्षांची होती. तिने बापाला विचारलं नाही. एकसष्ट साली बाप गेला, तोपर्यंत एकवीस वर्षं त्याच्या कॅफेत काम केलं आणि विचारलं नाही. मिस्टर हॉब्ज होता तेव्हा त्याने फोटो भिंतीवर लावला, म्हणाला सासरा आहे, दिसला पाहिजे. तो गेल्यावर तिने काढून ठेवला. मला म्हणाली, "मला एवढंच कळायला हवं, अल्का. तो खोटं बोलून वाचला का?"

पासष्ट वर्षं! एकदा तोंडावर विचारून मोकळं नाही का व्हायचं बापाला? मला असल्या माणसांचा राग येतो.

मी माझ्या वडिलांशी बोलत नव्हते, ते वेगळं. मला त्यांना काही विचारायचं नव्हतं.

शनिवार, १२ मार्च

शाल्मलीला घेऊन लायब्ररीत गेले. शाल्मली माझी मुलगी. ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे, जन्म इथलाच, मराठी बोलते पण जिभेवर तारेचं कुंपण असल्यासारखी. वाटेत म्हणाली, "आई, हा तुझा जॉब नाही आहे. तुझा जॉब आंघोळ घालणं आहे." मी म्हटलं, गाडी चालव.

लायब्ररीत शनिवारी मिस्टर पीकॉक बसतात. रिटायर्ड मास्तर. लोकांना त्यांचे खापरपणजोबा शोधून देतात, फुकट. इंग्लिश लोकांना त्याचं भारी वेड आहे. मी आयडाच्या बिस्किटाच्या डब्यातला पासपोर्ट समोर ठेवला. तिनेच दिला. आत कार्लोंचा फोटो, अठराशे एकोणनव्वद साल आणि एका गावाचं नाव. ओल्वास्को. मिलानचा कुठे उल्लेख नाही. पीकॉक नकाशात शोधत बसले. शोधायला अर्धा तास लागला, इतकं छोटं. डोंगरात.

ते म्हणाले आधी जनगणना बघू, मग बोटींच्या याद्या बघू, पद्धतशीर जाऊ. मी म्हटलं, पद्धत राहू द्या, गावाचं नाव लिहिलेलं आहे ना, गावालाच विचारा ना इथे जन्मला का म्हणून. हो का नाही, मोकळं. ते हसले. शाल्मलीने तिथेच कॉम्प्युटरवर पत्र टाइप केलं. कार्लो पोलेत्ती, अठराशे एकोणनव्वद, आपल्या गावात जन्मले का? खाली आयडाची सही आणायची राहिली, ती संध्याकाळी आणली. पत्ता माझ्या घरचा दिला, आयडाच्या दारातल्या पेटीतून कागद उचलायला तिला वाकता येत नाही.

रविवार, १३ मार्च

आज सुट्टी. पोहे केले. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणजे शशी, माझा नवरा, हॉस्पिटलच्या किचनमध्ये अठ्ठावीस वर्षं आहेत, त्यामुळे घरात कांद्याला हात लावत नाहीत. म्हणाले, तू गोऱ्या बाईचे पूर्वज शोधतेस? आपले कोणी शोधले? मी म्हटलं, तुमचे शोधून काय मिळणार आहे.

मंगळवार, १९ एप्रिल

उत्तर आलं. एकच कागद, त्यावर चार ओळी आणि शिक्का. इटालियनमध्ये होतं. शाल्मलीने कॉम्प्युटरमध्ये घातलं. त्याने जे इंग्लिश केलं ते धड नव्हतं, पण अर्थ निघाला. आमच्या जन्मनोंदीत त्या वर्षी, मागच्या-पुढच्या वर्षी, या नावाचा जन्म नाही. आपला विश्वासू.

शाल्मली म्हणाली, "आई, तो नाही आहे तिथे. नको सांगू तिला."

मी म्हटलं, विचारलंय तिने, लपवायचं कशाला.

बुधवार, २० एप्रिल

सांगितलं. चहा दिला आणि सांगितलं. नाही म्हणाले, तिथे जन्म नाही.

तिने कप खाली ठेवला. बशीत नाही, गादीवर. सांडला. मी पुसत होते तेव्हा म्हणाली, "म्हणजे ती बाई खरं बोलत होती." मग म्हणाली, कपाटातला फोटो चॅरिटी शॉपच्या पिशवीत टाका, फ्रेम चांगली आहे, कोणाच्या तरी कामाला येईल. रडली नाही. वरची खिडकी बंद करायला सांगितली. मी केली. पाऊण तास झाल्यावर पण पाच मिनिटं बसले.

मी बरोबरच केलं. खरं ते सांगितलं. दुसरं काय करणार होते.

फोटो पिशवीत होता तो मी चॅरिटी शॉपमध्ये नाही दिला. घरी आणला. फ्रिजवर ठेवलाय. का आणला माहीत नाही. काच पुसायला झाली होती.

बुधवार, ४ मे

आयडा आठ दिवस हॉस्पिटलमध्ये आहे. छातीत पाणी. मी ड्यूटी संपल्यावर जाते. ती भिंतीकडे तोंड करून असते. सिस्टर म्हणते खात नाही. मी आज वरणभात नेला, डब्यात, मऊ कालवून, तूप जास्त. सिस्टरने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, तुमचं सूप नाही ना खाल्लं तिने? चार घास गेले.

कोर्सवाली म्हणते, क्लायंटपासून अंतर ठेवायला शिका. अंतर आहेच की. बस बदलून जावं लागतं.

रविवार, २२ मे

हे लिहून ठेवलंच पाहिजे, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

हे सकाळी चहा पीत किचनमध्ये उभे होते. समोर फ्रिजवर कार्लो. रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणतात, आमच्याकडे पाहुणा आलाय म्हणे. आज म्हणाले, "काय कार्लोशेठ, गाव कोणतं तुमचं? रीडिंग म्हणू नका हं, उपाध्याय चोपडं बंद करतात." आणि स्वतःच हसायला लागले.

ती एक्याण्णव सालची गोष्ट. सासरे गेले, अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो. गोदावरीच्या घाटावर उपाध्याय असतात, त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्यांची चोपडी असतात, कोणाच्या घरातून कोण कधी आलं, बाप कोण, आजा कोण, सगळं लिहिलेलं. उपाध्यायांनी विचारलं, गाव? हे ऐटीत म्हणाले, रीडिंग, इंग्लंड. उपाध्याय म्हणाले, ते नव्हे. मग हे म्हणाले, पुणे, जन्म पुण्याचा. उपाध्यायांनी चोपडं बंदच केलं. म्हणाले, "जन्म नको, गाव सांगा."  मागे बायकांत मी उभी होते, मी म्हटलं, वडूज. उपाध्यायांनी दुसरं चोपडं काढलं, दोन पानं उलटली आणि ह्यांच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवलं. ह्यांनी वडूज आयुष्यात दोनदा पाहिलंय, तेही लग्नाला. पण तिथल्या पानावर हे आहेत.

हे हसत होते आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. पोहे करपले.

पासपोर्टवर एकच गाव लिहिलं आहे. आम्ही समजलो जन्माचं. पण ते जन्माचं नसेलच तर? ते वडूज असेल तर? माणूस मिलानमध्ये जन्मला तरी गाव ओल्वास्कोच राहणार की! मी सोलापुरात जन्मले, मिलच्या चाळीत, पण कोणी विचारलं तर आम्ही सांगायचो मंगळवेढ्याचे. आम्ही तिथे राहिलो नाही, तिथे आमचं घर नाही, पण गाव तेच. आणि गावाला मी पत्रात काय विचारलं? जन्मला का? ते म्हणाले, नाही. मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं त्यांनी. उपाध्यायांनी निदान चोपडं बंद करताना सांगितलं तरी.

चुकीचा प्रश्न मीच विचारला. घाई मीच केली. आणि ती बाई भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

शनिवार, २८ मे

मिस्टर पीकॉकला समजावून सांगायला एक तास लागला. ते म्हणत होते, जन्म नाही तर गावाशी संबंध काय. मी म्हटलं, तुमचं गाव कोणतं? म्हणाले, रीडिंग. त्याआधी? लीड्स. मी म्हटलं, तुमच्या वडिलांचं? तर म्हणाले, त्याला काय अर्थ आहे. बघा आता. खापरपणजोबा शोधतात आणि गाव नाही.

शाल्मलीला मात्र पटकन कळलं. "म्हणजे वडूजसारखं," म्हणाली. मला वाटायचं तिला वडूज माहीतच नाही.

नवीन पत्र. मी सांगितलं, तिने टाइप केलं. जन्म विचारत नाही. पोलेत्ती घराणं तुमच्या गावचं आहे का? कार्लो त्या घरातला आहे का, जन्म कुठेही असो? असेल तर जे लिहिलंय ते सगळं पाठवा. खाली मी हट्टाने एक ओळ घालायला लावली, मुलगी त्र्याऐंशीची आहे, लवकर करा.

आयडाला काही सांगितलं नाही, सहीच्या जागी तिच्या पहिल्या पत्राची कॉपी जोडली. पहिल्यांदाच एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवलीय. पोट दुखतं.

गुरुवार, १६ जून

सर्टिफिकेट आलं. कोर्स संपला. आता डायरी लिहायची गरज नाही.

आयडा घरी आली. मला म्हणाली, तुमचा चहा नव्हता तिथे. मी म्हटलं, नसणारच.

शुक्रवार, १ जुलै

काही आलं नाही. पोस्टमनला मी विचारलं तर तो म्हणाला, लव्ह, मी पत्र वाटतो, लिहीत नाही.

आयडा आज उगाचच तिच्या वडिलांबद्दल बोलली. सकाळी सहाला कॉफी दळायचे, कोणी गरीब दिसलं तर ब्रेडला लोणी दुप्पट लावायचे. थंडीत दुकानाबाहेर चेस्टनट भाजायचे, कॅफे असताना काय गरज होती कोणास ठाऊक. म्हणाली, भाजताना एकटेच हसायचे. मग म्हणाली, खोटी माणसंही ब्रेडला लोणी लावतात. मी भांडी घासत होते, जोरात घासली.

मंगळवार, २ ऑगस्ट

जाड पाकीट. मी उघडलं नाही. शाल्मली म्हणाली, उघड. मी म्हटलं, मागच्या वेळी उघडलं होतं.

शाल्मलीने ऑफिसला फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं आणि माझ्याबरोबर आली. फ्रिजवरचा फोटोही तिनेच उचलला, टॉवेलमध्ये गुंडाळला.

आयडा खुर्चीत होती. मी तिला सांगितलं की मी एक चूक केली होती, प्रश्न चुकीचा विचारला, आता नीट विचारलाय, हे उत्तर आहे, आत काय आहे मला माहीत नाही. नको असेल तर फेकून देते. तिने हात पुढे केला. मग म्हणाली, भिंग द्या.

तिला वाचता येत होतं. वडिलांनीच शिकवलं होतं. एका मोठ्या पानाची फोटोकॉपी होती, जुन्या वळणाचं अक्षर, एका घराचं सगळं एका पानावर. ती बोट ठेवून एक एक ओळ वाचायची आणि आम्हाला इंग्लिशमध्ये सांगायची.

पोलेत्ती, ओल्वास्को गावचे. वरती कार्लोंचा आजा. त्याखाली बाप, पिएत्रो. पिएत्रो हिवाळ्यात मिलानला जाऊन रस्त्यावर चेस्टनट भाजून विकायचा, बायकोला घेऊन, उन्हाळ्यात परत गावी. हे ओळीच्या शेजारी लिहिलेलं होतं. त्याखाली कार्लो. अठराशे एकोणनव्वद, जानेवारी, जन्म मिलान. ओल्वास्कोच्या पानात नोंद फेब्रुवारीत.

तिने भिंग खाली ठेवलं.

शाल्मली म्हणाली, आणखी आहे. खाली अजून ओळी आहेत.

आयडाने परत भिंग घेतलं. कार्लोचं लग्न, लंडन. मग एक ओळ तिला वाचता येईना. बोट तिथेच राहिलं. शाल्मली वाकून बघायला गेली, मी तिला मागे ओढलं. आयडा म्हणाली, "आयडा मारिया. एकवीस साल. रीडिंग, इंग्लंड." म्हणाली, "ही मी आहे."

तिने ते गाव जन्मात पाहिलेलं नाही. आणि चौऱ्याऐंशी वर्षं तिचं नाव तिथे लिहून ठेवलेलं. बापाने पत्राने कळवलं असणार.

तिच्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती. सत्तेचाळीस साल, परक्या देशाच्या माणसाशी लग्न, म्हणून काढलं. मला असा संताप आला! म्हणजे तिकडेही तेच. लग्न झालं की मुलगी पानावरून गेली. मी मोठ्याने म्हटलंही. आयडा हसली, पण तिचं बोट रेघेच्या शेजारी होतं. तिथे दुसऱ्या शाईत लिहिलं होतं. त्रेपन्न साल. कायदा बदलला, स्वतःच्या अर्जावरून परत घेतलं.

ती म्हणाली, मी कधीच अर्ज केला नाही.

 मग हळूहळू सांगितलं. त्रेपन्न साली, काउंटरवर गिऱ्हाइकं होती, वडिलांनी एक कागद पुढे सरकवला. म्हणाले, सही कर. तिला वाटलं दुकानाच्या विम्याचा. वडिलांशी ती कामापुरतंच बोलायची, काय आहे म्हणून विचारलं नाही, वरसुद्धा बघितलं नाही. सही केली आणि कप धुवायला गेली.

"त्याला वाटलं असेल मला कळलंय," म्हणाली. "त्याला वाटलं असेल मी वाचून सही केली."

  मी म्हटलं, तो खोटं बोलला नाही एवढं तरी झालं ना? तुम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

आयडा म्हणाली, तो वाचला आणि ते गेले, हे तर बदलत नाही.

मी म्हटलं, "नाही बदलत. पण त्याचा कागद खरा होता म्हणून तो वाचला, आणि त्यांचाही कागद खराच होता म्हणून ते गेले. दोघांनी कागद मागून घेतले नव्हते. तुमच्या वडिलांनी मित्र बुडवला नाही."

तेव्हा रडली. मी रडू दिलं. पाऊण तास कधीच होऊन गेला होता, पुढच्या म्हाताऱ्याला फोन करून सांगितलं, बस चुकली.

बुधवार, ३ ऑगस्ट

जुना खिळा गंजला होता. नवा ठोकला. शाल्मलीने आणून दिला होता, स्पिरिट लेव्हलसकट. ती म्हणे, "सरळ पाहिजे ना, आई. तो शंभर वर्षाचा माणूस आहे." आयडा खुर्चीतून सांगत होती, डावीकडे, थोडं वर, नाही, खाली. आम्ही दोघींनी तीन वेळा काढून लावला. आता बरोबर उजळ चौकोनावर बसलाय.

आयडाने कार्लोकडे बघत त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मी विचारलं नाही काय ते.

मग मला म्हणाली, चहा आज मी करते. उठली, भिंतीला धरून गेली. पाणचट केला. प्यायले.

रविवार, ११ सप्टेंबर

आयडा ओल्वास्कोला जायचं म्हणते, पुढच्या मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर. डॉक्टर नाही म्हणतो. तिने त्याला सांगितलं, मी तिथली आहे, मला परवानगी लागत नाही. गावच्या ऑफिसमधल्या बाईचं परत पत्र आलं, या म्हणून. पोलेत्ती आडनावाचं एक घर अजून आहे, त्यांच्याकडे खोली आहे. व्हीलचेअर ढकलायला माणूस पाहिजे, असं आयडा माझ्याकडे न बघता म्हणाली. मी म्हटलं, मला डोंगर चढायला आवडत नाही. मग शाल्मलीला सांगितलं पासपोर्टची तारीख बघ.

आज तिने मला विचारलं, अल्का, तुझं नाव कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, सासरच्या असेल. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने अलका लिहिलं, तेव्हापासून मी अलका. त्याआधी नंदा. तिने दोन-तीनदा म्हणून बघितलं. नंदा. तिला बरोबर जमलं.

त्या नावाने मला शेवटचं वडिलांनी हाक मारली होती. विमानतळावर, काचेच्या पलीकडून. मी वळून बघितलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला एक फोटो दाखवून इतक्या लांब धाडली, कशाला वळू? अठ्ठ्याऐंशी साली आप्पा गेले तेव्हा तिकीट मिळालं नाही असं मी कळवलं. मिळत होतं.

हे इथे कशाला लिहिलं कोणास ठाऊक. कोर्स तर संपला.

रविवार, १८ सप्टेंबर

सोलापूरला भावाला फोन केला. विष्णू माझ्याहून चार वर्षांनी लहान, रेल्वेत आहे. पितृपक्ष लागतोय, तो नाशिकला जाणार आहे. मी त्याला सांगितलं, उपाध्यायांना मंगळवेढ्याचं चोपडं काढायला सांग आणि आप्पांच्या नावाखाली बघ, माझं आहे का.

विष्णू हसला. "ताई, मुलींची नावं नसतात लिहीत. तुला माहीत नाही का?"

मी म्हटलं, माहीत आहे. बघ तरी. आप्पा मला पाठवल्यावर एकदा नाशिकला जाऊन आले होते ना, शहात्तर साली? आई म्हणाली होती कधीतरी. काय करायला गेले होते, मी कधी विचारलं नाही.

 विष्णू म्हणाला, "अगं, ते कशाला गेले होते, मलाही माहीत नाही. तेव्हा घरात कोणाचं दिवसकार्यही नव्हतं."

मी म्हटलं, म्हणून तर बघ म्हणते.

"आणि नसलं तर?"

"नसलं तर लिहून घ्यायला सांग. नंदा. रीडिंग, इंग्लंड. गाव मंगळवेढं. त्यांच्याकडे पेन असतंच."